एकोणचाळीस पांढरे आणि मी

मी हिरवा कप बोलतोय. आवाज कुठून आला म्हणून इकडेतिकडे पाहू नका. चर्चच्या तळघरात कॉफीच्या पिंपामागे भिंतीला चार फळ्या आहेत. त्यांच्या खालच्या आकड्यांना आम्ही चाळीस कप कानांनी टांगलेले आहोत. एकोणचाळीस पांढरे आणि मी. खालच्या फळीला, उजव्या टोकाला. मला शोधावं लागत नाही.

चाळिसांत एकटा हिरवा असणं हे काही माझं कर्तृत्व नव्हे, हे मला मान्य आहे. पण म्हणून उगाच नम्रपणाही दाखवणार नाही. या तळघरात नम्रपणा आधीच एवढा साठला आहे की त्यात माझ्या वाट्याची भर कुणाला जाणवायचीसुद्धा नाही.

माझा जन्म ओहायोच्या एका भट्टीतला. तिथल्या आठवणी म्हणजे नुसती धग. खरा जन्म झाला तो एकोणीसशे चौसष्ट साली, इथे मिनेसोटात, हेगन लेक नावाच्या गावी खोकं उघडलं तेव्हा. महिला मंडळाने चाळीस पांढरे कप मागवले होते. बायकांनी एकेक करून आम्हाला टेबलावर मांडलं, आणि चाळिसाव्याला सगळ्यांचे हात थांबले.

"हा परत पाठवायचा का?" एकीने विचारलं.

"नको गं. खोकं भरणाऱ्या बिचाऱ्याला बोलणी बसतील."

"हो ना. कदाचित नवीन असेल."

"आणि रंगही काही वाईट नाही."

या मुलखात 'काही वाईट नाही' ही स्तुतीची शेवटची पायरी आहे. तिच्या वर काही नाही. मुलाचं लग्न ठरलं, बीटाचं पीक दुप्पट आलं, ऑपरेशननंतर बाप शुद्धीवर आला, सगळं 'काही वाईट नाही'. मला ते पहिल्याच दिवशी मिळालं. ज्याला कुणी कधी पाहिलंही नव्हतं अशा माणसाच्या काळजीपोटी मला ठेवून घेतलं गेलं, आणि तिथेच माझं पुढचं आयुष्य ठरून गेलं.

कारण त्या दिवसापासून मला कुणी घेईना.

नावडता म्हणून नव्हे. पुढच्याच रविवारी मी ते ताडलं. वरची प्रार्थना संपते, माणसं जिन्याने खाली येतात, पिंपापुढे रांग लागते. रांगेतल्या पहिल्या माणसाची नजर आमच्यावरून फिरते आणि माझ्यापाशी थांबते. हात पुढे येतो, माझ्याच दिशेने. मग वाटेत काहीतरी होतं. बोटं अंमळ थबकतात, डावीकडे वळतात आणि एक पांढरा उचलून नेतात. पांढरा घेतला की मागच्याला पांढराही मिळतो आणि हिरवाही. हिरवा घेतला तर मागच्यांना नुसते पांढरे. एवढा सगळा विचार डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतो, आणि करणाऱ्याला आपण तो केला हेही ठाऊक नसतं.

दुसराही तेच करतो. त्याच्या मागेही कुणीतरी असतंच.

असा सगळ्यांनी सगळ्यांसाठी ठेवलेला मी रांग संपली तरी आकड्यावरच असायचो. फक्त ईस्टरला, नाताळात आणि मोठ्या मयतीला माणसं चाळीस भरायची, आणि चाळिसाव्याचा नाइलाज व्हायचा. तो मला घेऊन म्हणायचा, "अरे वा, हिरवा उरला का!" जसं काही उरणं हा माझा अपघातच होता.

वड्यांचीही तीच कथा. दर रविवारी कुणीतरी लिंबाच्या वड्या परातीत घालून आणतं. बत्तीस वड्यांमधल्या एकतीस बघता बघता संपतात. बत्तिसावीला कुणी हात लावत नाही. थोड्या वेळाने एकजण सुरी घेऊन तिचे दोन तुकडे करतो आणि एक घेतो. पुढचा त्या अर्ध्याचे दोन करतो. शेवटी परातीत नखाएवढा तुकडा उरतो, आणि भांडी घासणारी बाई तो पाण्याखाली धरण्याआधी तळघराला ऐकू जाईल असं विचारते, "कुणाला हवी आहे का?" सगळे छताकडे बघतात. मी साठ वर्षं बघतोय. त्या सुरीएवढा न्यायी प्राणी आख्ख्या काउंटीत नसेल आणि तिच्याएवढा उपाशीही.

आता हार्लन क्वामीबद्दल सांगतो, कारण माझी गोष्ट ही खरं तर त्याची आहे.

हार्लनने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. माणूस उंच, किंचित वाकलेला, बोलण्याआधी घसा साफ करणारा. गावाबाहेरच्या चौकात एकदा चारही बाजूंनी चार गाड्या एकदम आल्या. चौघांनीही हात करून 'आधी तुम्ही' म्हटलं. कुणीच निघेना. हार्लनच्या बसमधली मुलं त्या दिवशी पहिला तास संपल्यावर शाळेत पोचली. मुलं ही गोष्ट अजून सांगतात. आता तीही पन्नाशीची आहेत आणि त्याच चौकात तसंच करतात.

नऊ वर्षांपूर्वी त्याची बायको इनेझ गेली. तळघर माणसांनी भरून गेलं. हार्लन पिंपापाशी उभा राहून प्रत्येकाला पुढे घालत होता. "घ्या, घ्या, तुम्ही थंडीतून आलात. माझं काय, मी इथलाच." आपल्याच बायकोच्या मयतीला तो रांगेत सर्वांत मागे होता. शेवटी वळला तर आकड्यावर मी एकटा.

"बरं," तो म्हणाला. "तूच का."

साठ वर्षांत माझ्याशी थेट बोललेला तो पहिला माणूस. त्याचा अंगठा माझ्या कानात असा बसला की जणू दोन्ही एकाच मापाने घडवले होते. दीड तास त्याने मला धरून ठेवलं. कॉफी गार झाली, वर साय धरली, पण एक घोट घेतला नाही. सगळे गेल्यावर त्याने मला स्वतः धुतलं, पुसलं, आकड्याला लावलं आणि जाण्यापूर्वी माझ्या काठावरून एकदा बोट फिरवलं.

मला वाटलं, पुढच्या रविवारपासून हा मलाच घेणार. खुर्च्या मांडायला तो लवकर येतो, त्यामुळे रांगेत बहुधा पहिलाच असतो. पण नऊ वर्षं दर रविवारी त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पांढरा उचलला.

इनेझ गेल्यावर हार्लनने घर विकलं आणि मुख्य रस्त्यावर हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर राहायला गेला. चढायला एकोणीस पायऱ्या, आणि त्याही उघड्यावर. गेल्या फेब्रुवारीत बर्फावरून पाय सटकला आणि तो खालच्या चौथ्या पायरीवरून जमिनीवर आला. कंबरेत जबर मार बसला. चाळीस मिनिटं तो तसाच पडून होता. भिंतीपलीकडे दुकान उघडं, मालक आत. हाक मारली असती तर दोन मिनिटांत धावून आला असता. का नाही मारली, असं पुढे विचारलं तेव्हा हार्लन म्हणाला, "आत गिऱ्हाईक होतं."

त्याला उचललं ते एल्विरा सोलिसने. ही त्याच माडीवर समोरच्या खोलीत राहणारी नर्स, टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाकडून नोकरीसाठी आलेली. ड्यूटीवरून परतताना तिला आपला हा शेजारी बर्फात दिसला.

"बरा आहे मी," तो पडल्या पडल्या म्हणाला. "तुला उशीर होत असेल."

"कशाला उशीर? मी घरी आलेय. आणि माझ्या घराच्या वाटेत तुम्ही आडवे पडलायत."

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पुढचा हिवाळा या जिन्यावर काढायचा नाही. आणखी एकदा पडलात तर चालणं विसरा.

सप्टेंबरात जागा निघाली. चर्चच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे काउंटीने वृद्धांसाठी बांधलेल्या आठ जागा आहेत. त्यातली तळमजल्याची, रस्त्याकडे दार असलेली एक. पायरी एकही नाही. हार्लन कुणाला न सांगता कचेरीत गेला आणि अर्ज भरून आला. त्या अर्जावर एक ओळ आहे, 'ही जागा आपणांस हवी आहे काय?' पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. हार्लनने दोन्ही मोकळे सोडले आणि बाजूला लिहिलं, 'चालेल, दुसऱ्या कुणाची अडचण होत नसल्यास.'

हे मला कसं कळलं? कचेरीतली यादी जोलीन हाउगेनच्या ताब्यात असते, आणि जोलीन रविवारी इथेच कॉफी ओतते. नाव ती कधी घेत नाही. त्या बाबतीत बाई पोलादी आहे. पण "एकाने काय लिहिलं माहितेय?" एवढं ती पिंपाला सांगते. पिंपाशेजारी मी आहे.

अर्ज दिल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ऑरिन लुंडे हार्लनच्या शेजारी येऊन बसला. ऑरिन म्हणजे हार्लनचा पहिलीपासूनचा दोस्त, बीटाची शेती विकून गावात बापाच्या जुन्या घरात राहणारा, लग्नाच्या भानगडीत न पडलेला.

"त्या समोरच्या जागेसाठी," ऑरिन पांढऱ्या कपात बघत म्हणाला, "मीही नाव घातलंय बरं का."

"असं?" हार्लनने घसा साफ केला. "जागा काही वाईट नाही."

"नाही, वाईट नाही."

"ऊन येतं सकाळचं."

"येतं खरं."

झालं. दोघांनी हवेवर, बीटांवर थोडं बोलून घेतलं. पण मी हार्लनचा अंगठा पाहत होतो. तो पांढऱ्या कपाच्या कानातून बाहेर आला होता.

दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, हार्लनने कचेरीत जाऊन आपलं नाव काढून घेतलं. ऑरिनला हवी आहे म्हटल्यावर आपण मध्ये कशाला?

त्याच मंगळवारी दुपारी ऑरिननेही नाव काढून घेतलं.

पुढच्या रविवारी जोलीनचा चेहरा कॉफी करपल्यासारखा होता. यादीत तिसरं नाव होतं शेजारच्या गावातल्या एका बाईचं. जोलीनने तिला फोन केला. वरच्या दोघांनी सोडली हे ऐकून ती बाई म्हणाली, "म्हणजे कुणातरी गरजवंतासाठीच सोडली असणार. मग मी कशी घेऊ?" आणि तिनेही सोडली.

ऑक्टोबरभर जागा रिकामी. आत हीटर चालू, खिडकीत उजेड नाही. एखाद्या शेवटच्या वडीसारखी ती रस्त्यापलीकडे पडून होती आणि गावातले सगळे तिच्याकडे न बघता जात होते. हार्लन वाट बघत होता की ऑरिन कधी सांगतो. ऑरिन वाट बघत होता की हार्लन कधी सांगतो. विचारणार कोण? बातमी ज्याची, सांगण्याचा हक्क त्याचा. दोघंही दर रविवारी शेजारी बसून एकमेकांचा तो हक्क जपत होते.

इथे एल्विराने मला उचललं.

हार्लनच्या आग्रहाने ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रथमच तळघरात आली. पाहुणी म्हणून सगळ्यांनी तिला रांगेत पुढे घातलं. तिने आमच्याकडे पाहिलं, "अय्या, हिरवा!" म्हणाली आणि मला आकड्यावरून काढून कॉफी भरून घेतली.

सगळे एकदम दुसरीकडे बघू लागले. मागची एक बाई हसून म्हणाली, "हिरवा घेतलास? बरं झालं. वेगळंच काहीतरी." जाणकारांनी लक्षात घ्यावं, 'वेगळंच' हे 'काही वाईट नाही'चं दुसरं टोक आहे.

एल्विरा हार्लनशेजारी येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काय चुकलं माझं?"

"काही नाही."

"मिस्टर क्वामी, इथली तीस माणसं माझ्याकडे बघत नाहीयेत. तीस माणसं एकदम बघायची थांबतात तेव्हा काहीतरी चुकलेलं असतं."

हार्लनने घसा साफ केला. "तो एकच आहे ना. मागच्या कुणाला हवा असेल, म्हणून आम्ही ठेवतो."

"मग शेवटी कोण घेतं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही?" ती मोठ्याने हसली. पलीकडच्या टेबलावर दोन माना वळल्या आणि शिष्टाचाराने परत गेल्या. "अहो, मी हा खाऊन टाकणार नाहीये. पिऊन धुणार आणि परत लावणार. वडी संपते. कप कसा संपेल?"

मी भट्टीतून निघाल्यापासून कुणीतरी हे म्हणण्याची वाट पाहत होतो.

हार्लनने माझ्याकडे पाहिलं. "इनेझच्या दिवशी मी यात कॉफी घेतली होती," तो म्हणाला. मग म्हणाला, "प्यायलो नव्हतो."

एल्विराने मला त्याच्यापुढे सरकवलं. त्याने मान हलवली. "नको, नको. तुझा आहे. पी."

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उजाडला तो भुरभुरत्या बर्फाने. हार्लन त्या दिवशी उशिरा आला. एकोणीस पायऱ्या उतरायला त्याला किती वेळ लागला हे त्याच्या कपाळावरच्या घामावरून कळत होतं. बाहेर उणे सहा होतं. मागोमाग एल्विरा आली, तिचा एक हात त्याच्या कोपरापासून बोटभर अंतरावर. धरलेला नाही, सोडलेलाही नाही.

कॉफी संपत आल्यावर जोलीन पिंपापाशी उभी राहिली आणि चमच्याने झाकण वाजवलं. जोलीनने झाकण वाजवलं म्हणजे गोष्ट गंभीर.

"समोरच्या जागेचं सांगते," ती म्हणाली. "यादीत तीन नावं होती. आता शून्य आहेत. कुणाची होती, का गेली, मी सांगणार नाही. उद्या दुपारी काउंटीच्या बोर्डाची बैठक आहे. तोवर कुणी आलं नाही तर तिथे घडीच्या खुर्च्या आणि नाताळचं सामान ठेवायचं ठरलंय. एवढंच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खुर्च्यांनाही जागा लागतेच, असं एकजण म्हणाला.

हार्लन उठून मोरीपाशी गेला. एल्विरा कप घासत होती. तो फडकं घेऊन पुसायला लागला. तिने त्या दिवशीही मलाच घेतलं होतं. धुऊन तिने मला त्याच्या हातात दिलं आणि त्याचा अंगठा आपसूक माझ्या कानात गेला.

"त्या तीन नावांतलं एक तुमचं होतं," एल्विरा म्हणाली.

"होतं."

"का काढलंत?"

"ऑरिनला हवी होती."

"त्यांनी सांगितलं तसं?"

"त्याने नाव घातलं."

एल्विराने नळ बंद केला. "मिस्टर लुंडे! जरा इकडे या."

ऑरिन टोपी हातात घेऊन आला.

"तुम्हाला ती समोरची जागा हवी होती?"

"मला?" ऑरिन चकित झाला. "मला कशाला? माझ्या घराला पायरीच नाही. बापाने पायरी बांधायची राहू दिली, ती राहिलीच."

"मग नाव का घातलंत?"

ऑरिनने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "याला सोबत म्हणून," तो शेवटी म्हणाला. "कचेरीतून निघताना दिसला होता मला. हा एकटाच यादीत. लोक म्हणाले असते, हार्लनला आता झेपत नाही. दोघं असलो तर काय, म्हातारे यादीत नाव घालतातच. नंतर मी माझं काढलं."

"केव्हा?" हार्लनने विचारलं.

"मंगळवारी."

"मीही मंगळवारी."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. सत्तर वर्षांची दोस्ती. एकमेकांना इतकं थेट त्यांनी कधी पाहिलं नसावं.

"लेका," ऑरिन म्हणाला, "विचारायचं तरी होतंस."

"तू सांगायचं होतंस."

"तुझं मन मोकळं राहावं म्हणून नाही सांगितलं."

"माझं मन मोकळंच होतं रे. त्यात फक्त एकोणीस पायऱ्या होत्या."

मागे जोलीन केव्हाची उभी होती. तिने पर्समधून अर्ज काढला. असे अर्ज ती रविवारीही जवळ बाळगते; काही माणसं कचेरीत जन्मतात. "हार्लन," ती म्हणाली, "जागा अजून आहे."

हार्लनने घसा साफ केला. "म्हणजे, जर दुसऱ्या कुणाला..."

"दुसरं कुणी नाही."

"नाही, पण पुढेमागे कुणी गरजू..."

"हार्लन, या अर्जावर 'पुढेमागे' असा रकाना नाही. हो आहे आणि नाही आहे. मागच्या खेपेला तू समासात लिहिलंस, ते मी बोर्डापुढे कसं ठेवायचं?"

तळघरात आता सगळे छताकडे बघत होते. एल्विरा तेवढी बघत नव्हती. ती त्याच्याकडेच बघत होती.

"तुम्ही सगळ्यांसाठी सगळं ठेवता," ती म्हणाली, फार हळू. "मला ते आवडतं. माझ्या गावी कुणी ठेवत नाही. पण तुम्हाला काय हवं ते कुणालाच माहीत नाही, मिस्टर क्वामी. द्यायचं म्हटलं तर काय द्यायचं?"

हार्लनचा हात माझ्या कानात घट्ट झाला. मी जाड आहे, तशी घट्ट पकड मला सोसते. नाहीतर त्या दिवशी कान हातात आला असता. छतालगतच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं दार दिसत होतं. उंबऱ्याशी बर्फ साचायला लागलं होतं आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"मला हवी आहे," हार्लन म्हणाला.

एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने ते तीन शब्द असे उच्चारले, जसे परभाषेतले असावेत.

"काय?" जोलीनने विचारलं. तिला ऐकू गेलं होतं. नियम म्हणून विचारलं.

"ती जागा. मला हवी आहे." त्याने पेन घेतलं आणि 'हो'च्या चौकोनात फुली मारली. मग माझ्याकडे पाहिलं. "आणि यात थोडी कॉफी. उरली असेल तर."

"उरली नसली तर करीन," जोलीन म्हणाली.

कॉफी नव्हतीच उरलेली. पिंप पुन्हा लावलं गेलं आणि बर्फ पडत असूनही कुणी घरी गेलं नाही. हार्लनने माझ्यात कॉफी घेतली आणि तो ती प्यायला. गरम, तळापर्यंत. नऊ वर्षांपूर्वीची ती राहिलेली होती.

नोव्हेंबरात सामान हललं. ऑरिनच्या गाडीतून तीन खेपा झाल्या. आता हार्लन दाराबाहेर पडतो तो सपाट रस्त्यावर, आणि बावीस पावलांत चर्चमध्ये असतो. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो रांगेत पहिला होता. त्याची नजर आमच्यावरून फिरली, माझ्यापाशी थांबली. हात पुढे आला. मी श्वास रोखला, म्हणजे कप रोखू शकतो तेवढा.

बोटं वळली नाहीत.

मागून ऑरिनचा आवाज आला, "अरेरे."

"काय झालं?"

"काही नाही."

"ऑरिन."

"काही नाही रे." टोपी या हातातून त्या हातात. "मला तोच हवा होता."

हार्लन वळला. "केव्हापासून?"

ऑरिनने विचार केला. "खोकं उघडलं तेव्हापासून. आई मंडळात होती ना माझी. मी होतो तिथे."

रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग तळघर असं हसलं की वर ऑर्गन बंद करणाऱ्या बाईने खाली डोकावून पाहिलं. हार्लनने माझ्याकडे पाहिलं, ऑरिनकडे पाहिलं. मला त्याची सवय ठाऊक आहे. मला वाटलं, आता हा मला पुढे करणार.

"पुढच्या रविवारी तू घे," हार्लन म्हणाला, आणि पिंपाची तोटी उघडली.

पुढच्या रविवारी ऑरिनने घेतलं. त्यापुढच्या रविवारी जोलीन मला उचलत म्हणाली, "कुणाची हरकत?" आणि उत्तराची वाट न बघता भरून घेतलं. आता माझ्या काठाला एक बारीक टवका उडालाय आणि बुडाशी कॉफीचं तपकिरी वळं बसलंय. दर रविवारी मी कुणाच्या तरी हातात असतो, दर रविवारी धुऊन परत आकड्याला येतो. साठ वर्षं जपल्यामुळे जेवढा नवा राहिलो होतो, तेवढा आता नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट, काही वाईट नाही.

गैरसमज नको. मागच्यासाठी ठेवणं सोडा, असं मी सांगत नाहीये. ही माणसं ठेवतात म्हणूनच मी इथे आहे. नाहीतर चौसष्ट सालीच परतीच्या खोक्यात गेलो असतो. पण तुमच्याही फळीवर एखादा हिरवा कप असेल. तो मागच्यासाठी राखलात, तर एकदा वळून त्याला विचारा की बाबा, हवाय का तुला? आणि तुम्ही मागे असाल, नि पुढच्याने विचारलं, तर कृपा करून छताकडे बघू नका.

वर शेवटचं गाणं चाललंय. आता जिन्यावर पावलं वाजतील. पाळीप्रमाणे आज हार्लन. पण एल्विरा हल्ली गाणं संपायच्या आतच खाली उतरते, त्यामुळे खात्रीने काही सांगता येत नाही.